राजकारण कशासाठी? 'आधी राजकीय की आधी सामाजिक' या वादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजकारणाचे स्वरूप काय आणि ते कशासाठी करायचे, या प्रश्नावर १८८० ते १९५० या सत्तर वर्षांत महाराष्ट्रात जेवढ्या पोटतिडकीने लिहिले-बोलले गेले, तेवढे दुसऱ्या फार थोड्या प्रश्नांवर झाले असेल. शाळेच्या पुस्तकात मात्र हा वाद एका ओळीत आटोपतो. टिळक आणि आगरकर ही दोन नावे समोरासमोर ठेवली जातात आणि विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. त्या एका ओळीत न मावलेले आणि वाचकांकडून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत. जेथे माझे मत आले आहे तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

हा वाद केवळ क्रमाचा होता का?

वरवर पाहिले तर तसेच वाटते. स्वराज्य आधी मिळवावे की समाज आधी सुधारावा, असा प्रश्न विचारला की दोन्ही बाजूंना दोन्ही गोष्टी हव्याच आहेत आणि फक्त मागे-पुढे काय यावर तंटा आहे, असे चित्र उभे राहते. हे चित्र अपुरे आहे. खरा मतभेद राजकारणाच्या क्षेत्राची हद्द कोठे संपते याविषयी होता. एका पक्षाच्या लेखी राजकारण म्हणजे राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामधील व्यवहार. सारा, मीठावरचा कर, सनदी नोकऱ्या, कायदेमंडळातील जागा आणि शेवटी स्वराज्य हे त्याचे विषय. लग्न, वैधव्य, जात, पाणवठा या गोष्टी समाजाच्या घरातल्या, त्यांना राजकारणात स्थान नाही. दुसऱ्या पक्षाच्या लेखी जेथे एक माणूस दुसऱ्याला 'तू येथे यायचे नाहीस' किंवा 'तू हे शिकायचे नाहीस' असे सांगू शकतो आणि ते त्याला ऐकावे लागते, तेथे सत्ता चाललेलीच असते, मग ती सत्ता कलेक्टरची असो की गावच्या पंचांची. राजकारणाची हद्द अशी वेगवेगळी आखली, की 'आधी काय' या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी येणे अटळच होते.

वादाला तोंड कधी फुटले?

राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. ते मुळात पुण्यात व्हायचे होते, पण पुण्यात पटकीची साथ आल्यामुळे जागा बदलली. त्याच्या आदल्या वर्षी, १८८४ मध्ये, मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयीची टिपणे प्रसिद्ध करून सरकारने लक्ष घालावे अशी मागणी केली होती आणि वृत्तपत्रांतून रणे माजली होती. त्यामुळे नव्या संस्थेपुढे पहिल्या दिवसापासून प्रश्न होता, की या विषयांना हात घालायचा की नाही. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्ष दादाभाई नौरोजी यांनी भूमिका मांडली, की ज्या प्रश्नांत सर्व राष्ट्राचा सारखा संबंध आहे तेवढेच राष्ट्रीय सभेने हाती घ्यावेत आणि सामाजिक प्रश्न त्या त्या समाजावर सोपवावेत. हिंदू, मुसलमान, पारशी यांच्या चालीरीती निरनिराळ्या असताना एकाच व्यासपीठावरून त्यांचा निवाडा कसा करायचा, ही त्यांची अडचण खरी होती.

त्यातून मार्ग म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि मद्रासचे दिवाण बहादूर आर. रघुनाथराव यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये मद्रासला सामाजिक परिषद सुरू झाली. राष्ट्रीय सभेचे काम संपले की त्याच मंडपात परिषद भरायची. एकच मंडप दोन कामांना वापरला जात होता तोवर दोन्ही कामे एकाच राष्ट्राची आहेत असे निदान दिसत तरी होते.

टिळक सामाजिक सुधारणेच्या विरोधात होते का?

याचे सरळ 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देणारे बहुधा निम्मा पुरावा बाजूला ठेवतात. १८९० मध्ये टिळकांनी सुधारकांपुढे स्वतःहून पाळायच्या अटींची एक यादी ठेवली होती. तीत मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत आणि मुलांची वीस वर्षांच्या आत करू नयेत, चाळिशीनंतर लग्न करणाऱ्या पुरुषाने विधवेशीच करावे, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये अशी कलमे होती. पुढच्याच वर्षी ज्या संमतिवयाच्या कायद्यावरून ते सरकारवर तुटून पडले, त्या कायद्याच्या कितीतरी पुढे जाणारी ही यादी आहे. त्यांचा आक्षेप दोन गोष्टींना होता. परक्या सरकारच्या हाती आपल्या घरचा कायदा द्यायचा नाही, हा एक; आणि ज्या लोकांना सोबत घेऊन चालायचे त्यांची मने दुखावून पुढे धावायचे नाही, हा दुसरा.

या आक्षेपांना मी कमी लेखत नाही. दुष्काळात, १८९६ साली, टिळकांच्या प्रभावाखालील सार्वजनिक सभेने, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या संस्थेने, गावोगाव माणसे पाठवून शेतकऱ्यांना दुष्काळाच्या नियमांप्रमाणे त्यांचे हक्क काय आहेत हे समजावून सांगितले, त्याचा सरकारला एवढा राग आला की पुढच्या वर्षी सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. सामान्य माणसाला निर्भय करणे हे राजकारणाचे काम आहे, ही टिळकांची श्रद्धा अशा कामांतून दिसते.

मात्र त्याच टिळकांचे दुसरे प्रसंगही तितकेच खरे आहेत. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत, देव जर अस्पृश्यता मानत असेल तर आपण त्याला देव मानणार नाही, असे टिळक जाहीरपणे बोलले. पण स्वतःच्या आयुष्यात अस्पृश्यता पाळणार नाही अशा प्रतिज्ञापत्रकावर सही करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सही केली नाही. पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा, पैसा अपुरा असल्याने सक्ती आधी मुलांना लागू करावी, मुलींचे नंतर पाहावे, या बाजूला ते उभे राहिले. लोकांना दुखवायचे नाही हे धोरण म्हणून समजू शकते. पण कोणत्या लोकांना दुखवायचे नाही आणि कोणाला थांबायला सांगायचे, हे ठरवताना दर वेळी ज्यांच्या हाती आधीच काही आहे त्यांचाच विचार पुढे राहिला, हा त्या धोरणाचा दोष आहे.

आगरकरांचे म्हणणे 'आधी सामाजिक' असे होते का?

हा फार रूढ झालेला गैरसमज आहे. गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांवरील टीकेमुळे झालेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळकांबरोबर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिलेला हा माणूस राजकारणाकडे पाठ फिरवणारा नव्हता. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढले, तेव्हाही सरकारच्या अर्थनीतीवर आणि देशाच्या वाढत्या दारिद्र्यावर त्यांनी कठोर लिहिले. त्यांचे म्हणणे असे होते, की रूढीपुढे मान तुकवण्याची सवय लागलेला माणूस राज्यकर्त्यापुढेही तशीच मान तुकवतो. जो स्वतःच्या घरात कारण विचारत नाही, तो कचेरीत जाऊनही विचारणार नाही. म्हणजे सामाजिक सुधारणा ही त्यांच्या दृष्टीने राजकारणाच्या आधीची पायरी नव्हे, राजकारण करणारा माणूस घडण्याचीच ती प्रक्रिया होती. कायद्याने बालविवाहासारख्या चाली रोखायला त्यांची हरकत नव्हती, कारण ज्या अन्यायात दुर्बळाला स्वतःचे रक्षण करता येत नाही तेथे सरकार परके की आपले, हा प्रश्न त्यांना दुय्यम वाटत होता. पुण्यात त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते वारले.

संमतिवयाचा कायदा एवढा निर्णायक का ठरला?

कारण या कायद्याने दोन्ही पक्षांना आपापले राजकारणाचे स्वरूप उघड करायला लावले. १८६० च्या दंडसंहितेत पत्नीच्या बाबतीतही संमतीचे वय दहा वर्षे होते. ते बारावर न्यावे, एवढाच जानेवारी १८९१ मध्ये मांडलेल्या विधेयकाचा आशय होता. बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी मुलगी पतीच्या संभोगामुळे मरण पावली होती आणि ती बातमी देशभर गेली होती. विधेयक १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झाले.

पुण्यात या काळात ज्या सभा झाल्या आणि जे लेख निघाले ते आजही वाचवत नाहीत. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रग्रंथांतले आधार काढून विधेयक धर्माविरुद्ध नाही असे दाखवले. टिळकांनी भांडारकरांनी लावलेल्या वचनांच्या अर्थावर आणि त्यांच्या निष्कर्षावर हल्ला केला. सगळी चर्चा गर्भाधानाच्या संस्काराचा काळ कोणता, कोणत्या स्मृतीचे वचन बळकट, यांभोवती फिरत राहिली. दहा वर्षांच्या मुलीच्या देहाचे काय, हा प्रश्न त्या पांडित्यात जवळजवळ बुडून गेला. त्या वेळी कायदा अमलात आल्यावर त्याखाली फारच थोडे खटले झाले, म्हणजे सुधारकांनाही कायद्याने सगळे काही साधले असे म्हणता आले नाही. परंतु परक्या सरकारला आपल्या घरात शिरू द्यायचे नाही या भावनेभोवती मोठा लोकसमूह गोळा करता येतो, हे याच वर्षी सिद्ध झाले, आणि पुढच्या राजकारणावर त्याची छाया दीर्घकाळ राहिली.

ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्या स्त्रियांचे म्हणणे काय होते?

त्या बोलत होत्या. ऐकणारे थोडे होते. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगवेगळे नियम का, असा रोखठोक प्रश्न छापून विचारला. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले होते; नवऱ्याने १८८४ मध्ये तिला नांदायला आणण्यासाठी दावा लावला तेव्हा ज्या लग्नाला आपण संमती दिली नाही ते आपल्यावर बंधनकारक नाही, अशी भूमिका तिने घेतली. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोग, असा निकाल दिला, तेव्हा तिने कैद पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरतेच्या दवाखान्यात तिने दीर्घकाळ काम केले. घरातला नकार ही राजकीय कृती कशी असते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण त्या काळात मला दिसत नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय सभेच्या मुंबई अधिवेशनाला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून हजर राहिल्या त्यांत त्या होत्या.

१८९५ च्या मंडपाचे प्रकरण काय होते?

त्या वर्षी राष्ट्रीय सभा पुण्यात भरायची होती आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष होते. नेहमीप्रमाणे सामाजिक परिषदेला मंडप द्यावा की नाही यावर पुण्यात दोन तट पडले. मंडप सर्वांच्या वर्गणीतून उभा राहतो, वर्गणी देणाऱ्यांत सुधारणा न मानणारे पुष्कळ आहेत, तेव्हा त्यांच्या पैशाने उभारलेली जागा त्यांना अमान्य असलेल्या कामासाठी का वापरू द्यायची, असा विरोधकांचा मुद्दा होता. परिषदेला जागा दिल्यास मंडप जाळून टाकण्याची धमकी दिली गेली होती, असे पुढे आंबेडकरांनी नमूद केले आहे. रानड्यांनी वाद वाढू दिला नाही. परिषद फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात वेगळी भरवली. पुढच्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकांच्या हाती गेल्यावर रानड्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्कन सभा स्थापन केली.

मंडपाचे कापड आणि बांबू यांवरचा हा तंटा क्षुल्लक वाटतो खरा. पण त्याने एक गोष्ट कायमची ठरवून टाकली, ती अशी की राजकीय एकजूट टिकवायची असेल तर सामाजिक प्रश्न दाराबाहेर ठेवावा लागतो हे मान्य झाले.

रानडे कोणत्या बाजूचे?

त्यांना बाजूच मान्य नव्हती. राजकीय हक्कांत खालच्या पायरीवर असलेल्या समाजाला चांगली समाजव्यवस्था लाभत नाही, आणि बुद्धी व न्याय यांवर न आधारलेल्या समाजाला राजकीय हक्क चालवता येत नाहीत. अर्थव्यवस्था बिघडलेली असली तर दोन्ही बिघडतात, असे त्यांचे सूत्र होते. मराठ्यांच्या इतिहासाकडेही त्यांनी याच दृष्टीने पाहिले. संतांनी भाषा, भक्ती आणि काहीशी समता यांच्या आधारे लोकांना जवळ आणले, म्हणून शिवरायांचे राज्य उभे राहू शकले, असे त्यांनी मांडले. इतिहासाचार्य राजवाड्यांना हे पटले नाही. संतांच्या निवृत्तीने समाज दुबळा झाला, असे त्यांचे उलट मत. सतराव्या शतकाबद्दलच्या या मतभेदात एकोणिसाव्या शतकातला वाद लपलेला आहे, हे ध्यानात ठेवून दोघांना वाचावे.

महात्मा फुल्यांना या वादात कोठे ठेवायचे?

मला वाटते त्यांना या वादाच्या आत कोंबूच नये, कारण त्यांनी वादाची जमीनच नाकारली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला तेव्हा राष्ट्रीय सभेला अजून बारा वर्षे अवकाश होता. फुल्यांचा प्रश्न असा होता, की ज्या देशात माणसे एकत्र जेवत नाहीत, एका विहिरीचे पाणी पीत नाहीत, एकमेकांच्या दुःखाची ज्यांना खबर नाही, तेथे राष्ट्र म्हणायचे कोणाला? 'एकमय लोक' झाल्याखेरीज राष्ट्र होत नाही, हे त्यांचे शब्द आहेत. १८८२ मध्ये शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले, की सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. ही मागणी सामाजिक म्हणायची, आर्थिक म्हणायची की राजकीय? शेतसाऱ्याच्या पैशाचे पुढे काय होते हे विचारणे म्हणजे राजकारणच होय.

राष्ट्रीय सभा आणि सार्वजनिक सभा या शेतकऱ्यांच्या नावाने बोलतात, पण त्यांत शेतकरी कोठे आहे, असे ते विचारत. १८८९ च्या मुंबई अधिवेशनाच्या वेळी मंडपाजवळ त्यांनी शेतकऱ्याची गवताची मोठी प्रतिमा उभी केली, असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. परंतु फुल्यांना सरकारधार्जिणे म्हणणाऱ्यांनी दुसरी नोंदही वाचावी. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना जामीन मिळवून देण्यासाठी दहा हजार रुपयांची सोय झाली ती फुल्यांच्या शब्दावर त्यांच्या स्नेह्याने केली, आणि दोघे सुटून आले तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासह सत्यशोधक मंडळींनी त्यांचे स्वागत केले.

गोखले आणि टिळक यांच्यातला भेद फक्त मवाळ-जहाल एवढाच होता का?

साधनांचा भेद होताच, आणि १९०७ मध्ये सुरतेला सभा फुटली ती त्यावरूनच. पण उद्देशाचाही भेद होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला तो सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक बैठक देण्याच्या हेतूने. राजकारण हे जन्मभर करायचे व्रत आहे, त्यात अभ्यास हवा, आकडे तोंडपाठ हवेत आणि स्वार्थ नको, असे ते मानत. कायदेमंडळात १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. टिळकांना राजकारणात दडपण निर्माण करणारी लोकशक्ती आधी हवी होती, कारण शक्तीवाचून केलेला युक्तिवाद सत्ताधारी ऐकत नाहीत. माझ्या मते शिक्षण विधेयकाचे जे झाले त्याने टिळकांचा मुद्दा खरा ठरला, आणि विधेयक कशाचे होते हे पाहिले तर गोखल्यांचा.

टिळक आणि गांधी यांच्यात राजकारणाच्या स्वरूपावरून काय बोलणे झाले?

जानेवारी १९२० मध्ये गांधींनी 'यंग इंडिया'त लिहिले, की राजकारणात सारे क्षम्य आहे असे लोकमान्यांचे मत आहे. टिळकांनी उत्तर पाठवले, की राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा व्यवहार आहे. अक्रोधाने क्रोध जिंकावा या बुद्धवचनापेक्षा 'ये यथा मां प्रपद्यन्ते तांस्तथैव भजाम्यहम्' (जे मला जसे भजतात त्यांना मी तसाच भजतो) हे गीतेतले वचन आपल्याला अधिक मानवते. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत, पण जगाला एक अधिक सोयीचा आहे, असे त्यांनी पुढे म्हटले. गांधींचे प्रत्युत्तर असे, की राजकारण साधूंसाठी नाही असे मानणे हाच बौद्धिक आळस आहे. 'शठं प्रति शाठ्यम्' (लबाडाशी लबाडी) याऐवजी आपला नियम 'शठं प्रत्यपि सत्यम्' (लबाडाशीही सत्य) असा आहे. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले आणि हा संवाद अर्धाच राहिला. साध्य आणि साधन यांविषयी मराठीत पुढे जे काही लिहिले गेले त्याला या दोन छोट्या पत्रांनी पाया घातला. तरीही, पाणवठ्यावरच्या माणसाचा प्रश्न त्या दोघांच्याही या पत्रांत नाही.

डॉ. आंबेडकरांनी या वादात नवे काय आणले?

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात आंबेडकरांनी सामाजिक परिषद का हरली याचे फार मार्मिक निदान केले. सामाजिक सुधारणा दोन प्रकारची असते, असे त्यांनी दाखवले. एक कुटुंबाची सुधारणा, म्हणजे विधवाविवाह, बालविवाहबंदी इत्यादी. दुसरी समाजाची फेररचना, म्हणजे जातिव्यवस्था मोडणे. रानड्यांची परिषद उच्चवर्णीय, सुशिक्षित माणसांची होती आणि त्यांना जाचणारे प्रश्न घरातले होते. जात मोडण्याची निकड त्यांना भासली नाही. म्हणून परिषदेला लोक मिळाले नाहीत. शाळा, विहीर आणि रस्ता यांवर आपल्याच देशबांधवांना हक्क न देणारे राज्य करायला पात्र कसे, हा त्यांचा प्रश्न काँग्रेसला होता.

महाडला काय घडले ते तपशिलाने पाहिले की हा मुद्दा स्पष्ट होतो. सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. त्यानुसार सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालवलेल्या तळी, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हायचे होते. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर राजकीय काम पुरे झाले होते. तरीही तळ्यावर कोणी अस्पृश्य गेला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांच्यामागून परिषदेला आलेले लोक चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मग गावात अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवायला बसलेल्या आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. नंतर पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि तळ्यावरच्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागेपर्यंत आणखी दहा वर्षे गेली. ठराव करणारी नगरपालिका, तो बासनात बांधणारा गाव आणि तळ्यात उतरणारी माणसे, यांत राजकारण नेमके कोणाचे होते? माझ्या मते तळ्यात उतरणाऱ्यांचे सर्वांत अधिक.

संस्थानिकांनी तर हे एका हुकमाने केले. मग वादाची गरजच काय होती?

केले हे खरे आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला आणि १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. वेदोक्त प्रकरणात स्वतः छत्रपतींना पुरोहितांनी वैदिक मंत्र नाकारले होते, तेव्हा सत्ता राजवाड्याच्या बाहेरही असते हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. या हुकमांनी हजारो मुलांची आयुष्ये बदलली. पण हुकूम राजाच्या इच्छेवर चालतो. पुढचा राजा वेगळा निघाला तर काय, याचे उत्तर हुकमात नसते. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी अस्पृश्यांना तुम्ही आपला पुढारी शोधून काढला आहे असे सांगून आंबेडकरांकडे बोट दाखवले, त्यामागे हीच जाण असावी.

स्वराज्य आधी मिळाले म्हणूनच सुधारणा करता आल्या, हे टिळकपक्षाचे म्हणणे शेवटी खरे ठरले नाही का?

बऱ्याच अंशी खरे ठरले, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाले. इंग्रज सरकार यांतले काहीही करण्याच्या फंदात पडले नसते. हिंदू विवाहाचा कायदा १९५५ मध्ये आणि वारसाहक्काचा कायदा १९५६ मध्ये झाला, तो आपल्याच संसदेने केला.

पण ते आपोआप झाले नाही. हिंदूंचे विवाह, वारसा इत्यादी कायदे एकत्र सुधारणारे हिंदू कोड बिल रेंगाळले म्हणून आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आता सरकार परके नव्हते, तरी आक्षेप जवळजवळ तेच होते जे १८९१ मध्ये होते. धर्मात हात घालू नका, लोक तयार नाहीत, घाई कशाला. परकेपणाचा मुद्दा गळून पडल्यावरही विरोध तसाच राहतो, तेव्हा त्या मुद्द्यामागे आणखी काही होते असा निष्कर्ष काढावा लागतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत आंबेडकर बोलले ते याच गोष्टीविषयी: राजकारणात एका माणसाला एक मत आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत, आणि ही विसंगती लवकर दूर झाली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त करतील.

आजच्या महाराष्ट्रात हा वाद कोठे दिसतो?

कायदेमंडळातच दिसतो. जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षे अडकून पडले होते; ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाल्यावर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. दोन्ही वेळी सरकारने श्रद्धेत आणि जातीच्या अंतर्गत कारभारात पडावे का, कायद्याने मने बदलतात का, हे प्रश्न पुन्हा विचारले गेले.

ग्रामपंचायतीतही दिसतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. बाई सरपंच निवडून येते, पण बैठकीत तिच्या वतीने नवरा बोलतो आणि ती फक्त सही करते, असे अनेक गावांत घडते. अशी जागा आधी मिळाली म्हणूनच पुढे स्वतः बोलायला शिकलेल्या सरपंचही आहेत. पाण्याची टाकी कोणत्या वस्तीत बांधायची, नळ आधी कोणाच्या गल्लीत जायचा, ग्रामसभेची वेळ बायकांच्या स्वयंपाकाच्या वेळेवर का ठेवायची, हे विषय त्यांनी इतिवृत्तात आणले आहेत. सामाजिक म्हणून बाजूला ठेवता येईल असा यांतला एकही विषय नाही, आणि केवळ राजकीय म्हणून मिटवता येईल असाही नाही.